रिकाम्या जागेला नमस्कार

बुधवारी दातांचा दवाखाना दुपारीच बंद व्हायचा. हारुएनं उपकरणं उकळून ठेवली, पांढरा कोट खुंटीला अडकवला आणि नव्या बुटांची पिशवी घेऊन ती निघाली. नाचाचे बूट होते ते. दवाखान्यातल्याच सुमिए-साननं दुकानात सोबत येऊन निवडून दिलेले.

नीगातात येऊन हारुएला वर्ष होत आलं होतं. एवढ्या शहरात तिच्याशी मनापासून बोलणारी एकटी सुमिएच. दवाखान्यात दोघी डबा वाटून खायच्या. हारुए तापानं पडली तेव्हा पेज घेऊन आली तीही सुमिएच. "वॉल्ट्झ शिकच तू," ती सारखी म्हणायची. "काय खांदे आहेत गं तुझे, हारु-चान! आणि उंची तर हवी तेवढीच." आजवर कुणी हारुएला असं निवडून घेतलं नव्हतं. ती हरखून गेली होती.

क्लास मासळीबाजारामागच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर होता. बाहेर बर्फ पडत होतं. आत शेगडीतल्या रॉकेलचा उबट वास, मेण लावून गुळगुळीत केलेली लाकडी जमीन आणि बहुतेक पेन्शनीतली माणसं. सेन्सेईंनी, म्हणजे नाच शिकवणाऱ्या गुरुजींनी, टाळी वाजवली की जोडीदार बदलायचा, वाकून नमस्कार करायचा आणि म्हणायचं, "सांभाळून घ्या."

पहिलेच आले म्हातारे कुनिहिरा. "माझ्या पायावर पाय पडला तर लाजू नका बरं का," ते म्हणाले. "डाव्यावर द्या खुशाल. उजवा गुडघा डॉक्टरांनी बसवलाय, महाग आहे तो."

हारुए हसली. मागे, बाजूला, जवळ. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमलं.

बायका एकीनं जास्त होत्या. उरलेलीनं खिडकीजवळ एकटीनं नाचायचं. समोर कुणी आहे असं धरून, हात उचलून. याला तिथं 'सावली' म्हणत. इतका वेळ सुमिएच तिथं नाचत होती. टाळी वाजली तशी ती हारुएजवळ आली.

"आता तू कर सावली."

"मी? मला पावलंसुद्धा येत नाहीत अजून."

"येतील. आधी नमस्कार कर. रीत आहे."

"रिकाम्या जागेला?" हारुएला हसू आलं.

सुमिए हसली नाही. कोपऱ्यातली कुजबुज थांबली होती. पण हारुए फोनवर बोलतानाही वाकणारी मुलगी. 'रीत' म्हटल्यावर तिची पाठ आपसूक वाकली.

"सांभाळून घ्या," ती म्हणाली.

हात उचलले. संगीत सुरू झालं.

आणि तिच्या उजव्या तळव्याला तळवा लागला.

थंड नव्हता तो. कोमट होता, किंचित ओला. डाव्या खांद्याच्या पाठीमागे पाच बोटं एकेक करून टेकली. कापराचा आणि ओल्या लोकरीचा वास आला. तिला ओरडायचं होतं, पण पाऊल मागे गेलं, मग बाजूला, मग गिरकी... जी तिला कुणी शिकवलीच नव्हती! ती सुरेख नाचत होती. क्षणभर, अगदी क्षणभर, तिला आनंदही झाला.

मग तिनं आजूबाजूला पाहिलं. सगळ्या जोड्या थांबल्या होत्या. कुनिहिरा जमिनीकडे बघत होते. सेन्सेईंनी मान फिरवली होती. सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना!

सुमिए बाकावर बसली होती. दोन्ही हात मांडीवर सैल टाकून, हुंदके देत, सुटल्यासारखी.

"सुमिए-सान... हे काय आहे? सोडवा ना मला..."

"टाळी वाजेपर्यंत हात खाली येणार नाही. ओढू नकोस, दुखतं." सुमिएनं डोळे पुसले. "मलाही असंच आणलं होतं गं कुणीतरी. दुसरी मिळेपर्यंत दर बुधवारी यावंच लागतं. त्याला उंची नेमकी लागते. किती शोधलं मी! दवाखान्यात तू पहिल्यांदा दारातून आत आलीस ना, तेव्हाच मी दाराच्या चौकटीशी तुझी उंची ताडली."

पहिल्या दिवशी. म्हणजे डबा, पेज, बूट... सगळं त्यानंतरचं. पाठीवरच्या बोटांपेक्षा हे हारुएला जास्त झोंबलं.

"मी नाही कुणाला आणणार इथं," ती दात आवळून म्हणाली. "कुणालाच नाही. तुमच्यासारखी नाही होणार मी."

"मीही असंच म्हटलं होतं," सुमिए म्हणाली. तिनं बर्फातले बूट चढवले, कोट घातला. दाराच्या मुठीवर हात ठेवून क्षणभर घुटमळली.

समोरच्या हवेनं हारुएला पुन्हा अलगद फिरवलं. फिरता फिरता तिनं विचारलं, अगदी हळू, "एवढं तरी सांगा. कधीतरी... खरंच मैत्रीण होते का मी तुमची?"

सुमिए वळली. हारुएच्या डोळ्यांकडे तिनं पाहिलंच नाही. तिची नजर हारुएच्या गुडघ्यांपाशी खाली, रिकाम्या जागी थांबली होती, आणि तिथं पाहून ती ओळखीचं, मायेचं हसली.

"होईल तुझी सवय," ती म्हणाली. "दोघांनाही."

दार लागलं. हारुएच्या हातात तर एकच तळवा होता.

खाली, कुणीतरी तिच्या स्कर्टची कड लहानशा मुठीत धरली.