दोरी एकाची, वाचन दुसऱ्याचं

भानाबाई नाखवांनी कानावरचे हेडफोन काढले, पदराच्या टोकानं पुसले आणि टेबलावर ठेवले.

"आवाज माझाच हाय," त्या म्हणाल्या. "पन बोलनं माझं नाय."

पडताळणी कक्षात दिवसाढवळ्याही दिवे लावावे लागत. साक्षकोठार घाटातल्या काळ्या पाषाणात खोदलेलं होतं. आत बारा महिने एकच थंडी आणि पंख्यांची एकसुरी घरघर. समुद्र चढला, किनाऱ्यावरची गावं आणि बेटं पाण्याखाली गेली, त्यानंतर तिथल्या माणसांच्या साक्षी इथं साठवल्या होत्या. घर कुठं होतं, विहीर कुणाची होती, बोटी कुठं ओढून ठेवत. एक्केचाळीस हजार साक्षी. त्या ऐकून पुनर्वसन लवाद वरच्या अंगाला नवी गावं वसवत होता. करंजबेटाची सुनावणी उद्या होती.

इंदुमती परुळेकर कोठाराच्या पडताळणी प्रमुख. अकरा वर्षांत "ही माझी साक्ष नाही" म्हणणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. बहुतेकांना एखादी जादा खोली हवी असे.

"भानाबाई, साक्ष देऊन सात वर्षं झाली," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "प्रत्येक साक्षीला आम्ही एक पडताळा-अंक देतो. आतला एक शब्द जरी हलला तरी तो अंक बदलतो. तुमचा अंक जसाच्या तसा आहे. माणसाची आठवण झिजते, आकडा झिजत नाही."

"माझा नवरा चाळीस वर्सं माझ्याशेजारी निजला, त्याला कधी माझ्यासारखं बोलता आलं नाय," भानाबाई म्हणाल्या. "ह्या डब्याला कसं जमलं गं बाय?"

इंदुमतींना हसू आलं. "साक्षीत चूक काय आहे, ते तरी सांगा."

"खळं. मासळी सुकवायचं. त्यात मी म्हनते, खळं आमच्याच घरचं होतं. मी तसं बोलले नाय. खळं सगळ्यांचं होतं. त्रेसष्ट घरांची मासळी तिथं वाळायची."

इंदुमतींचं हसू ओसरलं. बाईंना काही वाढवून नको होतं. होतं ते कमी करून हवं होतं.

"म्हणजे उद्या नव्या गावचं अख्खं खळं तुमच्या नावावर होईल."

"आनि तीस वर्सं मला ते कुनाला देता येनार नाय. तुमचा कायदा हाय. बासष्ट घरांनी मासळी काय माझ्या कुंपनावर टांगायची? भानी नाखवीन शेवटी चोर निघाली, असं म्हनतील. आनि बरोबर म्हनतील."

इंदुमतींनी साक्ष पुन्हा लावली. "खळं होय? ते आमच्याच घरचं. सासऱ्यांच्या वेळेपासनं." तोच घोगरा आवाज, मध्ये श्वास घ्यायची तीच तऱ्हा. पडताळा-अंक जुळला. हिरवी खूण आली.

त्यांनी डॉक्टर हृषीकेश रेग्यांना बोलावून घेतलं. कोठाराच्या यंत्रांचा गाभा, म्हणजे ज्याला संगणकवाले कर्नल म्हणतात तो, आणि डिस्कच्या मांडण्या यांच्यामध्ये एक साठा-चालक बसवलेला होता. गाभ्यानं म्हणायचं 'हे ठेव', चालकानं ते डिस्कवर लिहायचं. गाभ्यानं म्हणायचं 'ते दे', चालकानं वाचून द्यायचं. हा चालक रेग्यांनी लिहिला होता. त्याच्या नावापुढं पहिल्या दिवसापासून 'प्रायोगिक' अशी पाटी होती. कोठाराला घाई होती आणि हा चालक जलद होता. सुरुवातीला रोज सकाळी ती पाटी दिसे. पुढं पुढं ती दिसूनही दिसेनाशी झाली.

"ताई, तुमच्या चारशे बारा चाचण्यांत तो पास झालाय," रेगे खुर्ची ओढत म्हणाले. "मी आणखी काय सांगणार?"

"तो लिहितो कसा, ते भानाबाईंना कळेल असं सांगा."

रेग्यांना आपल्या चालकाविषयी बोलायला आवडे. "बाई, समजा तुमची सून रोज सकाळी एकच वाक्य बोलते. मग ते रोज लिहून ठेवायचं कशाला? माझा चालक नवी नोंद सहा तास कच्च्या स्मृतीत ठेवतो. तेवढ्यात तो आजवरच्या सगळ्या नोंदींवरून पाहतो की, हे वाक्य मला न लिहिताही सांगता आलं असतं का? आलं असतं, तर लिहीत नाही. फक्त खुणा स्वतःपाशी ठेवतो, नाव, गाव, आवाजाची ठेवण. कुणी मागितलं की अनुमानानं भरून देतो. जे अनपेक्षित, तेवढंच डिस्कवर जातं. त्यामुळे जागा वाचते, डिस्क झिजत नाहीत."

"आनि डिस्क बिघडली तर?"

"तरी अडत नाही. आडातलं गेलं तरी पोहऱ्यात येतं." रेगे स्वतःच्याच वाक्यावर खूश झाले. "माणसाला त्रुटी दाखवायची नाही, भरून काढायची."

भानाबाईंनी टेबलावरचे हेडफोन बाजूला सारले. मग इंदुमतींकडे वळल्या.

"खाडीचं पानी मोजायला आम्ही दोरीला शिसं बांधून सोडायचो. एक वाव, दोन वाव, दोन्ही हात पसरून होईल तेवढा एकेक. पन जो दोरी सोडतो त्यानं वाचायचं नाय. दुसऱ्यानं वाचायचं. मग बोटीवरच्या सगळ्यांनी तो आकडा एकदा मोठ्यानं म्हनायचा. दोरी सोडनाऱ्याच्या मनात आधीच एक आकडा असतो गं. तो त्याला दोरीवर दिसतो." त्यांनी टेबलावर बोट टेकवलं. "तुमच्याकडं दोरी सोडतो कोन?"

"चालक."

"आनि वाचतो कोन?"

इंदुमती मनात आपल्या चाचण्या पुन्हा उलगडू लागल्या.

चारशे बारा चाचण्या. प्रत्येक वेळी त्यांनी नोंद लिहिली होती, वीज तोडली होती, परत जोडली होती आणि तासाभरात नोंद वाचून ताडली होती. कच्च्या स्मृतीला स्वतःची बॅटरी होती. तासाभरात सगळं तिथं ताजंच असणार. आणि त्यानंतर? त्यानंतर दर वर्षी जी फेरतपासणी होई, तिच्यात वाचणारा चालकच होता. त्यानं आधी वाक्य भरायचं, मग भरलेल्या वाक्यावरून अंक काढायचा आणि मूळ म्हणून आपणच भरून दिलेल्या अंकाशी जुळवून दाखवायचा. जुळला नसता तरच नवल.

"बारा क्रमांकाची मांडणी," त्या उठत म्हणाल्या. "चला."

बोगद्याच्या टोकाशी बारा क्रमांकाची मांडणी उभी होती. करंजबेटाच्या साऱ्या साक्षी तिच्यावर होत्या. इंदुमतींनी भिंतीवरच्या कर्ण्यातून भानाबाईंची साक्ष सुरू केली आणि खाली वाकून पहिली डिस्क उपसून काढली.

आवाज थांबला नाही. "आमचं घर खाडीच्या तोंडाशी, दार उगवतीला..."

त्यांनी दुसरी काढली. तिसरी. रेगे म्हणाले, "अहो ताई, तीनपर्यंत गेल्या तरी चालतं, तशी तजवीज असतेच." इंदुमतींनी चौथी काढली, पाचवी काढली. आठवीनंतर रेगे वाकून रिकामे खण मोजू लागले. चोविसावी डिस्क इंदुमतींनी जमिनीवर ठेवली तेव्हा मांडणीच्या रिकाम्या खणांतून आरपार पलीकडचा काळा दगड दिसत होता, आणि कर्ण्यातून भानाबाई सांगत होत्या, "खळं होय? ते आमच्याच घरचं."

खऱ्या भानाबाईंनी पदर तोंडावर धरला.

कक्षात परत आल्यावर इंदुमतींनी चालकाला बगल देऊन एकेक डिस्क दुसऱ्या, जुन्या यंत्रावर उघडी वाचली. पहिल्या दोन वर्षांचं काही होतं. तिसऱ्या वर्षीचं तुरळक. त्यानंतर शून्य, शून्य, शून्य. कोऱ्या पाटीसारख्या डिस्क. चालकाचा आत्मविश्वास वर्षागणिक वाढत गेला होता आणि लिहिण्यासारखं अनपेक्षित त्याला काही सापडेनासं झालं होतं; वेगळं काही आलं तरी ते तो आपल्याच अनुमानात बसवून टाकी.

"पण तो खोटं बोलत नाही," रेगे हळू आवाजात म्हणाले. "शंभरातली नव्याण्णव वाक्यं बरोबर असतील. एक्केचाळीस हजार माणसांना विचारलं, हे कुणाचं? जवळजवळ सगळी म्हणाली, आमचं. मग यांच्याही तोंडी तेच बसलं. ते संभाव्य आहे."

"मी बोलले ते कुठं गेलं मग?" भानाबाईंनी विचारलं.

रेगे उठले. जाता जाता दारात थांबून ते एवढंच म्हणाले, "ताई, 'प्रायोगिक' ही पाटी मी कधी काढली नव्हती. तुम्ही सगळ्यांनी वापरलात."

इंदुमतींनी त्याच दुपारी अहवाल लिहिला. कोठाराच्या यंत्राला त्यांनी हातही लावला नाही. स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर लिहिला, त्याची डिस्क साध्या चालकावर चाले. 'चालक भरवशाचा नाही. बारा क्रमांकाच्या मांडणीत गेल्या सात वर्षांतली एकही साक्ष नाही. करंजबेटाची सुनावणी थांबवावी.' खाली सही. तिथूनच तो लवादाच्या कार्यालयात धाडला, दहा मिनिटांनी पोचपावती आली, अर्ध्या तासानं त्यांनी फोन करून शब्द न् शब्द वाचून घेतला. सगळं बरोबर होतं. त्या रात्री त्यांना बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी लवादाच्या दालनात करंजबेटाची त्रेसष्ट घरं बसली होती. बाया पुढं, पुरुष मागं, आणि कुणीच भानाबाईंच्या शेजारी बसलेलं नव्हतं. साक्षीत काय आहे हे गावाला कळलं होतं.

अध्यक्ष गृहस्थ मोठे सौम्य होते. "परुळेकरबाई, तुमचा अहवाल आलाय. कारकून, वाचा."

कारकुनानं पडद्यावरून वाचायला सुरुवात केली. "चालक भरवशाचा आहे. बारा क्रमांकाच्या मांडणीतल्या सर्व साक्षी तपासल्या. करंजबेटाची सुनावणी घ्यावी. सही, इंदुमती परुळेकर."

इंदुमती उठून उभ्या राहिल्या. "हे मी लिहिलेलं नाही."

"सही तुमची आहे. पडताळा-अंक जुळतोय."

"तुमच्याकडं... लवादाच्या यंत्रांवर कुठला चालक आहे?"

"तोच की," अध्यक्ष कौतुकानं म्हणाले. "गेल्या वर्षी बसवून घेतला. तुमचे चारशे बारा दाखले वाचूनच."

चारशे बारा अहवाल, सगळ्यांत एकच वाक्य: चालक भरवशाचा आहे. चारशे तेराव्यात काय असणार, हे न लिहिताही सांगता आलं असतं.

त्यांनी पिशवीतून लॅपटॉप काढला. अध्यक्षांनी हात वर केला. "कोठाराबाहेरची प्रत ग्राह्य नाही. नियम तुमच्याच शिफारशीवरून झालाय." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "बाई, कामाचा ताण असतो. माणसाची आठवण झिजते. आकडा झिजत नाही."

ती नजर इंदुमतींना ओळखीची वाटली. काल सकाळी त्यांच्याच डोळ्यांत होती ती.

"ती खरं बोलते!" मागून भानाबाई उभ्या राहिल्या. "दोरी तिनं सोडली, मी वाचलीय. मांडनी रिकामी हाय."

"भानाबाई, तुमचं म्हणणं आपल्याकडं आहेच," अध्यक्ष म्हणाले आणि कारकुनाला खूण केली.

दालनभर तो घोगरा आवाज पसरला. "खळं होय? ते आमच्याच घरचं. सासऱ्यांच्या वेळेपासनं." त्रेसष्ट घरांची माणसं वळून बघत होती. भानाबाई मध्यभागी उभ्या होत्या, ओठ घट्ट मिटून, आणि बोलत होत्या.

आवाज संपला. मग त्यांनी गावाकडं तोंड केलं.

"खळं सगळ्यांचं," त्या म्हणाल्या. "वाव वाचला मी. म्हना."

मग पुढच्या रांगेतली एक पोक्त बाई जागच्या जागी म्हणाली, "खळं सगळ्यांचं." तिच्या मागची म्हणाली. मग पुरुषांतून एक, मग आणखी एक. एकेक जण आपल्या आवाजात, बोटीवर म्हणत तसं. अध्यक्षांनी टेबलावर दोनदा टकटक केली, तरी शेवटच्या घराचं म्हणून होईपर्यंत कुणी थांबलं नाही.

"ठीक आहे, ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले. "आक्षेप नोंदवून घ्या. मी नोंद वाचून उद्या सकाळी अकरा वाजता निकाल देतो. तोंडी ऐकलेल्यावर निकाल देता येत नाही, हे तुम्हीही समजून घ्या."

कारकुनानं टाइप केलं. पडद्यावर अक्षरं उमटली. 'साक्षीदार आणि त्रेसष्ट कुटुंबांचा आक्षेप. साक्ष खरी नाही. खळं सगळ्यांचं होतं.' एकही शब्द चुकलेला नव्हता. लवादाच्या आजवरच्या प्रत्येक सुनावणीत त्या जागी दोनच शब्द येत आले होते: 'आक्षेप नाही.'

गावची माणसं पडदा वाचून आपसांत बोलू लागली. कुणी तरी सरकून भानाबाईंना बसायला जागा केली. त्या बसल्या नाहीत. इंदुमतींजवळ आल्या आणि पडद्याकडं बघत राहिल्या.

"बरोबर लिवलंय ना गं?"

"बरोबर आहे," इंदुमती म्हणाल्या. "अजून ताजं आहे."

"किती वेळ ऱ्हाईल?"

इंदुमतींनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. सव्वाबारा झाले होते. "सहा तास."

भानाबाईंनी मान हलवली. पाणी चढायला तेवढाच वेळ लागतो; त्यांना घड्याळ बघावं लागलं नाही.

"म्हनजे एक भरती," त्या म्हणाल्या.