टाळूचा ठोका

"बाळ खोटं असेल, रडणं मात्र अगदी खरं वाटेल," डॉ. श्रोत्री म्हणाले. ते बालरोगतज्ज्ञ, आणि परीक्षाबाळ त्यांनीच घडवलं होतं.

समोर कुमुद गवारे बसली होती. बॅटरी कारखान्यांच्या त्या नव्या शहरात तिचं पाळणाघर होतं, छत्तीस लेकरांचं. नवा कायदा असा, की ज्याला गुणवत्ता प्रमाणपत्र नाही त्या पाळणाघराला कुलूप. आणि प्रमाणपत्राला पात्र कोण, हे ठरवणार एक यंत्र: उबदार, मुतणारं, दूध पिणारं, येताना भाड्याची आईसुद्धा घेऊन येणारं. पुढच्या महिन्यात येणाऱ्या नव्या बाळांपैकी एक ते असणार. कोणतं, ते सांगायचं नाही.

"मोजतं काय ते?" कुमुदने विचारलं.

"रडू लागल्यापासून हात लागेपर्यंतचे सेकंद. सरासरी चाळीसच्या आत आली की तुम्ही पात्र."

"आणि हात कुठल्या मनाने लावला, ते?"

"ते मोजता येत नाही, बाई. जे मोजता येत नाही, ते नियमात बसत नाही."

शहाणी माणसं पगार घेतात तो असलं बोलण्याचा.

त्या महिन्यात दोनच नवी बाळं आली. दुर्वा आणि विहंग, दोघंही पाच महिन्यांची. आणि आठवड्याच्या आत पाळणाघरातल्या भागूमावशीने चोर पकडला. चाळीस वर्षं पोरांना न्हाऊमाखू घातलेली बाई ती. टाळू भरायला तेलाची वाटी घेऊन बसली आणि ओरडलीच.

"कुमे, इकडं ये. इथं बोट ठेव. दुर्वाची टाळू बघ कशी उडतीय, चिमणीच्या छातीवानी. आता ह्याची बघ."

विहंगचं डोकं दगडासारखं टणक. ठोकाच नाही.

"सगळं केलं मेल्यांनी आणि टाळू विसरले!" मावशीला हसू आवरेना.

मग काय, विहंगने तोंड उघडायचा अवकाश, कुणीतरी धावलंच. तीस सेकंद, पंचवीस सेकंद. पण धावणाऱ्या हातांत माया नव्हती. तो तासन्‌तास किंचाळायचा. बाया म्हणायच्या, आज पेपर अवघड काढलाय. भडाभडा ओकायचा; "ओकायची पण सोय केलीय बघा!" खुळखुळ्याकडे बघेनासा झाला, तेव्हा मावशी म्हणाली, "डोळे स्वस्तातले बसवलेत वाटतं."

त्याची आई रेश्मा कारखान्यातून सहाला यायची. एकदा दारातच थांबली. "ताई, घरी पण लई रडतोय हो. डॉक्टरला दाखवू का?"

"ह्याला कसला डॉक्टर?" कुमुद गुपित ठाऊक असल्यासारखी हसली. "तुम्ही काम मात्र झकास करता हं."

"कसलं झकास, ताई. दिवसभर नुसती उभी असते लाइनवर." पण छत्तीस पोरं सांभाळणारी बाईच डॉक्टर नको म्हणतेय म्हटल्यावर रेश्माचा जीव भांड्यात पडला.

परीक्षेचे दोन महिने भरले. एका संध्याकाळी श्रोत्री आले. विहंगच्या पाळण्यावरून पुढे गेले, दुर्वाला उचललं, काखेत काहीतरी दाबलं. दुर्वा हसता हसता थांबली.

मावशीने तिच्या टाळूवर बोट ठेवलं. ठोका बंद.

"टाळू आम्ही पहिल्याच वर्षी बसवली," श्रोत्री म्हणाले. "मावश्यांचा पहिला हात तिथेच जातो, हे काय आम्हाला ठाऊक नाही? सरासरी एकतीस सेकंद. पात्र. अभिनंदन!" त्यांच्या माणसाने प्रमाणपत्र भिंतीवर टांगलंसुद्धा.

तेवढ्यात विहंग किंचाळला. कुमुद सवयीने पोचली, पण तिचे हात उचलेनात. "डॉक्टर, ह्याची टाळू..."

श्रोत्रींनी डोकं चाचपलं. पुन्हा चाचपलं. डोळ्यांपुढून किल्ल्या फिरवल्या. बुबुळं हलली नाहीत.

"कवटीचे सांधे वेळेआधी जुळलेत. मेंदू वाढतोय आणि त्याला जागा नाही. कधीपासून आहे हे?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"तेव्हा आणलं असतं तर शस्त्रक्रियेने जागा करता आली असती. आता केली तर जीव वाचेल. नजरेचं... नाही सांगू शकत."

"अहो, पंचवीस सेकंदांत घेत होतो आम्ही त्याला!" मावशी रडत म्हणाली.

"हो. नियमाप्रमाणे तुमचं काहीच चुकलेलं नाही."

रेश्माला फोन लागेना. कारखान्याच्या फाटकावरच फोन काढून घेतात. कुमुद विहंगला छातीशी धरून दारात उभी राहिली.

सहाला रेश्मा आली. तिची नजर आधी भिंतीवर गेली. "मिळालं वाटतं, ताई! बरं झालं. आता मला कसली काळजी!" तिने हात पुढे केले. "आज रडला का हो फार?"

विहंगने आवाजाकडे मान वळवली. डोळे दुसरीकडेच राहिले.