न दिलेली साइड

मुरारीअण्णांनी उभ्या हयातीत घाटात एकही गाडी ठोकली नाय, हे ते उमरठच्या पारावर छाती काढून सांगायचे. मग स्वतःच डोळा मिचकावून म्हणायचे, "ठोकल्या त्या सगळ्या सपाटीवर."

अशा माणसाला ट्रक चालवणं सुटल्यावर करमणार कसं? त्यात नातवानं, दीपेशनं, पडवीच्या खोलीत नुसतं स्टिअरिंग, पायाखाली पेडलं आणि समोर हा मोठा स्क्रीन आणून मांडला. गाडी नाही, डिझेल नाही, तरी शर्यत खरी. मुलखामुलखातली पोरं आपापल्या घरी बसून एकाच रस्त्यावर गाड्या पळवायची. दीपेश त्यात तरबेज. रविवारची शेवटची शर्यत मारली, तर पुण्याची एक कंपनी त्याला कामावर घेणार होती. आणि घ्यायलाच हवं होतं. महाडला केमिकलच्या कारखान्यात राबून पोराच्या थुंकीत आता रक्त दिसायला लागलं होतं.

दीपेश कामावर गेला, की म्हातारा गुपचूप त्याच्याच नावानं खेळायचा. त्या दिवशी पडद्यावरच्या घाटात, वळणावर, मागून एकानं आत तोंड घातलं. शर्यतीचा कायदा असा, की बाजूला आलेल्याला जागा सोडायची. अण्णांचा कायदा ट्रकवाल्यांचा. पुढच्यानं हात दाखवून साइड दिल्याशिवाय मागच्यानं घुसायचं नाय. अण्णांनी त्याला कठड्याला दाबला. गाडी दरीत. अण्णा इतके हसले, की कवळी काढून हातात धरावी लागली.

दुसऱ्या दिवशी तक्रार आली.

"पंच व्हिडिओ बघतील आणि मला काढून टाकतील, अण्णा," दीपेश म्हणाला. "ज्याला तुम्ही दाबलंत, त्यानं तक्रार मागं घेतली तरच वाचतो. हैबती नाव लावतो तो. किती वेळा लिवलं, उत्तरच देत नाय."

एवढंच बोलून तो खोकत खोकत मोटरसायकलवर बसला आणि दुपारच्या पाळीला निघाला. चार शिव्या दिल्या असत्या, तर अण्णांना घास तरी गिळवला असता.

गाडीचा आवाज विरतो न विरतो तोच अण्णा खोलीत शिरले. उजेड पडद्यावर येऊ नये म्हणून खिडकीला गोधडी टांगलेली. भर दुपारीही आत तळघरासारखा काळोख. त्यांनी हेडफोन चढवला.

शर्यतीचा रस्ता रिकामा होता. पडद्याच्या कोपऱ्यात त्याचा नकाशा, आणि गाड्या म्हणजे नाव लावलेले ठिपके. दीपेशच्या नावाचा ठिपका सुरुवातीला उभा. हैबतीचा वळणाखाली, दरीत. पडलेली गाडी बटण दाबलं की परत रस्त्यावर येते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. हा कालपासून तिथंच होता.

"काय पावणे, झोपलात काय?" अण्णांनी घसा खाकरून विचारलं.

हेडफोनात नुसता पाणी ठिबकल्याचा आवाज. मग अगदी जवळून कुणीतरी म्हणालं, "साइड मागितली होती मी."

"चुकलंच रे. म्हातारी खोड, जात नाय." अण्णांनी हसून बघितलं, पण हसू काही जमलं नाही. "तक्रार मागं घे बाबा. पोर त्या कारखान्यात राहिलं तर मरंल."

"हॉर्न दिला होता... डिपर मारला होता..."

खोलीत जळक्या ब्रेकलायनरचा वास पसरला. अण्णांच्या जन्माच्या ओळखीचा वास. पण त्याच्याखाली ओला पाला होता, आणि त्याही खाली असं काहीतरी, जे बरेच दिवस कुणाला सापडलेलं नसावं.

"पाया पडतो तुझ्या..."

अण्णांनी पडद्यासमोर हात जोडले.

"घेतली मागं, अण्णा."

पडद्यावर तसा निरोपही उमटला. अण्णांचे डोळे भरून आले. सुटलं पोर. हेडफोन काढायला त्यांनी हात वर नेला, आणि तो तिथंच राहिला. आपल्याला अण्णा म्हणतात, हे ह्याला कुणी सांगितलं?

नकाशावर दीपेशचा ठिपका चालू लागला होता. अण्णा खुर्चीत मांडी घालून बसले होते; पाय पेडलवर नव्हतेच. समोरचा रस्ता उतरत होता, आणि त्याच्या कडेची खेळातली परदेशी झाडं कुठं गेली कोण जाणे. आता तिथं तांबडी दरड होती, करवंदीच्या जाळ्या, चुना फासलेले दगड. उमरठवरून पोलादपुरात उतरायची, महाडला जायची वाट. दीपेश आत्ता तिथंच असणार.

दरीतला ठिपका वर चढला आणि मागं लागला.

अण्णांनी पाय खाली टाकून ब्रेक दाबला. पेडल पोकळ गेलं. दीपेशला फोन लावला, तर त्याची रिंग हेडफोनमधूनच ऐकू आली, वाऱ्यात वाजणारी, आणि पाठोपाठ तो ओळखीचा खोकला.

"सोड रे त्याला..." अण्णा पडद्याला म्हणाले. "गाडी मी चालवत होतो. पोर तर घरात पण नव्हतं..."

मागचा ठिपका पुढच्याच्या बाजूला आला.

"गाडीवर नाव तर त्याचंच होतं, अण्णा."