मुरूड की नांदगाव

चांदभाईंनी ग्रीसच्या बोटांनी नकाशा काढून दिला होता, तो घरी पोचवायचा, भाकरी खायची आणि परत गॅरेजवर यायचं, एवढंच काम होतं त्या दिवशी. सत्तावन्न सालचा मार्गशीर्ष. चिंचवडात तेव्हा सकाळी नदीवरून धुकं उठायचं आणि नऊ वाजले तरी गल्लीतून हलायचं नाही. हे धुकंच माझ्या बहिणीच्या छातीत जाऊन बसलं होतं.

इंदू बारा वर्षांची. दिवाळीपासून तिला दमा. तीन आठवडे ती आडवी झाली नव्हती. भिंतीला गोधडी लावून बसल्या बसल्या झोपायची. रात्रभर तिच्या छातीतून जुन्या बाजाच्या पेटीसारखा आवाज. डॉक्टर म्हणाले, इथली थंडी हिला मारेल. समुद्राकाठी न्या, उबदार हवेत, आणि जवळ दवाखाना असेल असं गाव बघा.

आमच्या बाबांनी ऐकलं फक्त अर्धं. बाबा म्हणजे सोपानराव टेलर. तरुणपणी कुलाबा जिल्ह्यात शिवणकाम शिकलेले, तेवढीच आमच्या घराण्याची समुद्राशी ओळख. ते म्हणाले, नांदगावला जाऊ. का, तर तिथे शांत आहे. दम्याच्या पोरीला शांततेचं काय लोणचं घालायचंय? पण आमच्याकडे थोरांना कारण विचारायची पद्धत नाही. मी मास्तरांना एकदा कारण विचारलं होतं. त्यांनी पट्टी मारली, मी ती मोडून टेबलावर ठेवली आणि मॅट्रिकच्या चार महिने आधी शाळेतून बाहेर पडलो. तेव्हापासून चांदभाईंच्या हाताखाली ट्रकची इंजिनं खोलतोय. इंजिन निदान खोटं बोलत नाही.

चांदभाई नारळ आणायला त्या बाजूला गाडी घेऊन जायचे. नकाशा काढताना म्हणाले, "हे बघ ज्योती. रेवदंड्याची खाडी तरीनं ओलांडायची. मग आधी लागतं नांदगाव. सुरूची झाडं, सुपारीच्या वाड्या, वाळू. बस. तिथून दोन-तीन कोसांवर मुरूड. तिथं दवाखाना, शाळा, बाजार, सगळं हाय. पोरगी आजारी असेल तर माणूस नांदगावला कशाला उतरेल राव? तुझा बाप शिंपी हाय का साधू?"

"दोन्ही नाही," मी म्हटलं. "बाप आहे, एवढंच."

बाराच्या सुमारास घरी आलो. दार नुसतं लोटलेलं. आई नदीवर धुणं घेऊन गेली होती, बाबा दुकानात. आत पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा जाणवलं ते हे, की आवाज नव्हता. तीन आठवडे ज्या आवाजावर आम्ही झोपत आणि उठत होतो, तो बंद होता.

इंदू चटईवर सपाट आडवी होती.

मला वाटलं, गेली. वाकून पाहिलं तर छाती हलत होती. संथ, खोल, निरोगी माणसासारखी. आणि मग वास आला. ओल्या वाळूचा. त्याखाली दुसरा, खोबरेलाचा, ताज्या घाण्याच्या तेलाचा. आमच्या घरात करडईचं तेल. भाजीलाही तेच, डोक्यालाही तेच. पण इंदूचे केस चकचकीत होते, वाहून चटईपर्यंत ओघळ आलेला. वेणी घातलेली होती. चार पेडांची, इतकी घट्ट, की कपाळाची कातडी ताणली गेली होती.

तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात आईचा टाक होता. चांदीचा, नखाएवढा, त्यावर बाईची आकृती. तो मी जन्मापासून आईच्या गळ्यात बघत आलो. देवीचा आहे, असं आई सांगायची. अंघोळ झाली की आधी त्याला कुंकू, मग स्वतःला.

इंदूनं डोळे उघडले. "दादा... आई गेली?"

"आई नदीवर आहे."

"नाही रे. आत्ता इथंच होती." तिनं दाराकडे पाहिलं. "टपाल आलं का बघायला गेली."

आमच्या गल्लीत टपाल दिवाळीला आणि मयतीला येतं. आई आली ती ओलं धुणं घेऊन. मी विचारलं, "वेणी तू घातलीस?"

"कवा घालू? पहाटेधरनं नदीवर हाय." मग तिनं इंदूला आडवं झोपलेलं पाहिलं आणि हातातलं धुणं तसंच जमिनीवर ठेवून हात जोडले. "गुण आला बघ! राती मी देवीचा टाक बांधला तिला. सासूबाईंनी लग्नात माझ्या गळ्यात घातलेला. म्हनल्या, हिला कधी इसरू नगं."

दीड वाजता आवाज परत सुरू झाला. इंदू पुन्हा भिंतीला टेकून बसली. वास गेला. वेणी मात्र तशीच.

संध्याकाळी बाबा आले. चप्पल काढता काढता त्यांची नजर इंदूच्या गळ्याकडे गेली आणि ते एका पायावर तसेच उभे राहिले. आईला म्हणाले, "पाणी आण." आई आत गेली तसे माझ्याकडे वळून पुटपुटले, "काढ ते. ज्योती, काढ ते पोरीच्या गळ्यातनं..."

मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना मागच्या परसात नेलं. बापाचा दंड असा धरायचा नसतो, माहीत आहे मला.

"देवी कोण आहे ती?"

बराच वेळ ते तुळशीच्या कट्ट्यावरचं शेवाळ नखानं खरवडत राहिले. मग म्हणाले, "देवी न्हाई. रुक्मिणी."

"कोण रुक्मिणी?"

"तुझ्या आईच्या आधीची."

म्हणजे आमच्या बापाचं आधी एक लग्न झालं होतं. मुरूडला. शिवणकाम शिकवणाऱ्या उस्तादाची पुतणी. तिला इकडे आणली, दोन हिवाळ्यांत तिच्या छातीनं दगा दिला, तेव्हा आजीनं तिला हवापालट म्हणून माहेरी धाडलं. बरी झाली की घ्यायला येतो, असं बाबांनी सांगितलं. रुक्मिणीनं अक्षर शिकून घेतलं, पत्रं पाठवली. मुरूडला टपाल दुपारी बाराला यायचं. ती रोज बाराला केस विंचरून, वेणी घालून ओटीवर बसायची. दीडपर्यंत. हे तिच्या काकानं कळवलं, ती गेल्यावर.

"तुम्ही एक तरी पत्र लिहिलं?"

बाबांनी नखातलं शेवाळ धोतराला पुसलं.

"आणि आईला ठाऊक नाही."

"दुसरेपणावर पोरगी देत नव्हतं कुणी. मग आईनंच, म्हंजे तुझ्या आजीनं, सवतीचा टाक केला आणि देवीचा म्हणून घातला गळ्यात. मान द्यावा लागतो, न्हाईतर ती तरास देते."

मला हसू आलं, इतका राग होता. जिवंतपणी एक कार्ड टाकवलं नाही, आणि मेल्यावर वीस वर्षं कुंकू. तेही दुसरीच्या हातून, तिला फसवून. आमच्याकडे याला मान म्हणतात. आणि आता स्वतःची लाज वाचवायला इंदूला दवाखान्यापासून तीन कोस लांब ठेवायला निघालेत.

"म्हणून नांदगाव."

"तू लहान हाय. तुला कळत न्हाई. मूलबाळ न्हवतं तिला, ज्योती..."

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजवर गेलो नाही. कोनाड्यात घड्याळ होतं, ते बघत इंदूच्या उशाशी बसलो. आईला बाजारात पाठवलं. बाराला दोन मिनिटं कमी असताना बाहेर कावळेही ओरडायचे थांबले. ऊन दारातून आत येऊन उंबऱ्यापाशीच थांबलं होतं. आणि तो वास... आधी वाळू, मग मीठ, मग तेल. इंदूच्या छातीतली शीळ हळूहळू उतरत गेली, जसा कुणी जात्यावरून हात काढून घ्यावा. तिनं अंग सोडलं आणि ती आडवी झाली. डोकं तिनं चटईवर टेकलं नाही. चटईच्या वर चार बोटं, कुणाच्या तरी मांडीवर असावं तसं ते राहिलं.

मी भुतंखेतं मानत नव्हतो. पण डोळ्यांसमोरचं न मानणं हेही थोरांचंच काम. मी हात पुढे केला, दोरा तिच्या डोक्यावरून काढला आणि टाक मुठीत घेतला.

इंदूचं डोकं चटईवर आपटलं. तिनं तोंड उघडलं, पण श्वास आत जाईना. ओठ जांभळे पडले. बोटांनी ती माझी बंडी ओरबाडत होती. मी मोजलं नाही किती वेळ. मला तो आयुष्याएवढा वाटला. मग मीच दोरा परत तिच्या गळ्यात घातला. गाठ नीट बसेना, तेव्हा माझ्या बोटांवर दुसरी बोटं आली. गार, ओली, सुरकुतलेली, खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखी. त्यांनी गाठ घट्ट केली. मायेनं केली, हेच मला आजवर पचलेलं नाही.

इंदूनं श्वास घेतला.

मी तिथे बसून विचार केला. नांदगावला नेलं, टाक काढला, तर पोरगी गुदमरणार. मुरूडला नेलं तर जगणार. पण कुणाची म्हणून जगणार, ते मला दिसत होतं. दोन गावांमध्ये तीन कोसांचं अंतर, आणि ते एकोणीस वर्षांच्या शाळा सोडलेल्या पोरानं ठरवायचं. ज्यांनी ठरवायचं ते नखानं शेवाळ खरवडत होते.

रात्री जेवणं झाल्यावर बाबांना म्हटलं, "मुरूड."

"ती पोर परत देणार न्हाई."

"मुरूडला नेलं नाही तर आईला सगळं सांगेन. टाक इंदूच्या गळ्यात राहील. आणि ह्या वेळी ओटीवर तुम्ही बसायचं."

पौषात बाबा आणि इंदू गेले. जागा मिळाली की आईला बोलवायचं ठरलं होतं. आता फाल्गुन सरतोय. बाबांची दोन पत्रं आली. दोन्हींत एकच, अजून जागा मिळत नाही, येऊ नका. आई रोज विचारते, "बोलावणं आलं का रं?" दुपारी भाकऱ्या झाल्या की हल्ली ती उंबऱ्यात येऊन बसते.

परवा इंदूचं कार्ड आलं. आईला वाचता येत नाही. पदरानं घाम पुसत माझ्यासमोर बसली, "वाच की."

अक्षर इंदूचंच होतं. लिहिलं होतं: 'दादा, मी आता धावते. दम लागत नाही. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, औषध नको. बाबा ओटीवर बसून असतात. आई रोज दुपारी माझी चौपेडी वेणी घालते. आई म्हणते, आता कुणी घ्यायला आलं नाही तरी चालेल.'

"काय म्हनती?"

"बरी आहे. धावते म्हणे."

आईनं डोळ्यांना पदर लावला. मग हसली. "आन् केस कोन इंचरतं तिचे? तुझ्या बापाला काय येनी येती व्हय?"

मला एक खरं वाक्य बोलायचं होतं. ते बोलत नाहीत म्हणून मी आयुष्यभर थोरांना शिव्या दिल्या होत्या.

"शेजारची एक बाई आहे," मी म्हटलं.

"चांगली असंल बाई. लिही, माझा नमस्कार सांग म्हनावं तिला."

मी तिच्यासमोर कोरं कार्ड घेतलं आणि नमस्कार लिहिला. कुणाला, ते लिहिलं नाही. पेटीत टाकण्याआधी पत्ता लिहायला कार्ड उलटं केलं, तर कोपऱ्यात तेलाचा डाग होता. बोटाएवढा, ओला. हे कार्ड मी सकाळीच चिंचवडच्या पोस्टातून आणलं होतं, आणि खोबरेल आमच्या घरात अजूनही नाही.