कस्तुरीचा शांतांक

जिल्ह्याच्या कुटुंब न्यायालयात आता साक्षी नसत, उलटतपासण्या नसत. लेकराच्या मनगटाला महिनाभर एक पट्टा बांधायचा, त्याला आळीपाळीनं आईकडे आणि बापाकडे ठेवायचं आणि पट्टा म्हणेल त्या घरी त्याची रवानगी करायची. न्याय कसा, सुटसुटीत!

सहा वर्षांच्या कस्तुरीचा पट्टा काल उतरला. बापाकडे शांतांक एक्याण्णव, आईकडे अडतीस. निकाल वाचून तिच्या आईच्या, हेमलताच्या, तळपायाची आग मस्तकात गेली. एसटीच्या वर्कशॉपमधून ती तेलकट कपड्यांनिशी तडक डॉक्टर दामल्यांच्या खोलीत शिरली. पट्टा त्यांनीच शोधून काढला होता.

"बसा ताई," दामले म्हणाले. "भीती वाटली की छाती धडधडते, तळहाताला घाम येतो, श्वास उथळ होतो. पट्टा ते मोजतो आणि शंभरपैकी आकडा देतो, तो शांतांक. माणसं खोटं बोलतात, नाडी बोलत नाही."

"माझ्याकडे आली की ती हमसून हमसून रडते, डॉक्टर. बापाच्या घरी दूध सांडलं की काय होतं, ते गळ्यात पडून सांगते. मग नाडी धावणार नाही तर काय?"

"आणि तिकडे?"

"तिकडे रडायची सोय नाही. पुतळ्यासारखी बसून राहते."

दामल्यांनी चष्मा काढला. "अतिभीतीनं जीव थिजतो, तेव्हा नाडी उलट मंदावते. थिजलेलं मूल आणि निवांत मूल, पट्ट्याला दोन्ही सारखीच."

"हे न्यायाधीशांना सांगितलंत?"

"अहवालाच्या शेवटच्या पानावर आहे."

"वाचतं कोण ते पान?"

दामल्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. वाचत कुणीच नव्हतं, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. एवढा शिकलेला माणूस, पण तोंड उघडायची वेळ आली की मूग गिळून बसणार!

"सहा महिन्यांनी फेरमोजणी असते," ते शेवटी पुटपुटले. "तेव्हा तुमच्याकडे ती शांत राहिली, तर निकाल फिरेल."

सहा महिने लेक दर शनिवारी भेटायची, रडायची आणि परत जायची. हेमलताला ते बघवेना. फेरमोजणीच्या आदल्या शनिवारी तिनं काळजावर दगड ठेवला. लेकीचे केस विंचरता विंचरता ती म्हणाली, "बाळा, बाबांकडे राहतेस ना, तशीच आता माझ्याकडे राहा. मग तू कायमची माझी."

कस्तुरीनं मान डोलावली.

फेरमोजणीत आईकडचा शांतांक आला त्र्याण्णव. निकाल फिरला.

हेमलतानं लेकीला घरी आणलं, दाराला कडी घातली आणि जमिनीवर बसून दोन्ही हात पसरले. "ये गं माझी बाय. सुटलो आपण. आता पट्टा नाही, काही नाही. रड हवं तेवढं."

कस्तुरी दाराशी ताठ उभी राहिली. मग तिनं शहाण्या मुलीसारखं आपलं मनगट पुढे केलं.

"बघ ना आई, तुझ्याकडेपण मला आता काही होत नाही."