कपाटात ठेवलेला श्वास

वीज काही आज येत नाही. दिवा मध्ये ठेव आणि बस, सांगते.

त्या शनिवारी मी दादाला जेवण द्यायला गराजात गेले, एवढंच काम होतं. फराटे आणि रुगाय, म्हणजे टोमॅटोचा रस्सा, फडक्यात बांधलेला डबा. शहाऐंशी सालचा ऑगस्ट. आपल्या बेटावर, फिनिक्सला, त्या महिन्यात बारीक पाऊस दिवसभर पत्र्यावर वाजत असतो. इंद्रदेव, माझा थोरला भाऊ, तिथे मोटारी दुरुस्त करायचा. गराजाच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं राहायचो. मी वाक्वाच्या सरकारी कचेरीत टंकलेखनाला जायचे. लग्न दोघांचंही राहून गेलं होतं.

दादा जमिनीवर बसला होता. पुढ्यात एक लाकडी खोका उघडा पडला होता आणि आतलं भुस्कट त्याच्या मांडीभर सांडलं होतं.

"बंदरातून आज सुटलं," तो म्हणाला. "प्रेमचं सामान."

माझ्या हातातला डबा मी तसाच खाली ठेवला. प्रेमला जाऊन चार महिने होत आले होते.

प्रेमचंद आमचा सगळ्यांत धाकटा. बाप गेला तेव्हा तो रांगत होता, म्हणजे दादानेच त्याला वाढवलं म्हण. लहानपणापासून त्याला दमा. मोठा होऊन कापडाच्या कारखान्यात लागला, तिथल्या धाग्यांच्या धुळीने छाती आणखीच बिघडली. लालमतीला, गावी, आयेजवळ राहायचा. आणि एवढ्या कमजोर छातीच्या पोराने गाडी घेतली ती कसली, तर जपानहून आलेली जुनी लाल टर्बो.

"ताई, इंजिनालाही दमा असतो बघ," तो मला सांगायचा. "त्याला हवी तेवढी हवा ओढता येत नाही. टर्बो काय करतो, त्याच्या तोंडात हवा कोंबतो. मग बघ कसं पळतं! माझ्या छातीला असा एक बसवा म्हणावं दोक्तेरला."

मग त्याला आणखी पाहिजे झालं. मोठा इंटरकूलर, म्हणजे दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी. रुंद पाइप. दाब वाढवणारी झडप. कारखान्यातल्या एका जपानी कारागिराकडून त्याने सगळं मागवून घेतलं. दादाला कळलं आणि दोघांचं जोरात वाजलं. त्याच आठवड्यात प्रेम मोठ्या रस्त्यावर मित्रांशी शर्यत लावताना कुणालातरी दिसला होता. दादाने गाडी लालमतीहून ओढून फिनिक्सला आणली, टर्बो खोलून काढला आणि कपाटात घालून कुलूप लावलं.

"आता बस पायी फिरत," म्हणाला.

एप्रिलात एका पहाटे प्रेमला झटका आला. बस सुरू झाल्या नव्हत्या. दारात गाडी नव्हती. शेजारच्या भाजीवाल्याची लॉरी रिकामी करून निघेपर्यंत वेळ गेला आणि इस्पितळाच्या वाटेवरच, आयेच्या मांडीवर, सगळं संपलं. मयताच्या दिवशी आये दादाशी एकच वाक्य बोलली. सगळ्यांच्या देखत, अगदी हळू.

"तू माझ्या पोराचा श्वास काढून कपाटात ठेवलास."

त्यानंतर त्याच्याशी ती बोललीच नाही. दादा दर रविवारी लालमतीला जायचा, ओसरीवर बसायचा, ती आत चुलीपाशी. त्याच्या हातचं पाणीसुद्धा घेत नव्हती.

"काय करणार याचं?" मी खोक्याकडे बघत विचारलं.

"बसवणार."

"कुणासाठी?"

"त्याने सांगितलं होतं बसव म्हणून. बसवतो. आणि गाडी नेऊन आयेच्या दारात उभी करतो. मग तिने काय ते बोलावं. शिव्या दिल्या तरी चालतील, निर्मले... पण बोलावं."

मी अडवलं नाही. दादा कामाला लागला. कपाट उघडून टर्बो काढला, पुसला, जागेवर चढवला. पुढची जाळी कापून इंटरकूलर बसवला, पाइप जोडले, क्लिपा आवळल्या. मी कचेरीतून आले की शेजारी उभी राहून उजेडाला बॅटरी धरायचे. पाऊस चालूच. आणि पहिल्याच दिवशी मला तो वास आला. नव्या पाइपांना रबराचा वास यावा ना? त्यांतून कापराच्या मलमाचा वास येत होता, प्रेमच्या छातीला आये चोळायची त्या मलमाचा.

"दादा, तुला वास येतो?"

"तेलाचा आहे," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आवाज. गाडी बंद, किल्ली खुंटीला. दादा पाना शोधायला मागे गेला होता. मी एकटी, हातात बॅटरी. पाइपाच्या उघड्या तोंडातून हवा आत गेल्यासारखी झाली... थांबली... आणि घरघरत बाहेर आली. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. हा आवाज मी ओळखत होते. माझं सगळं बालपण या आवाजाशेजारी झोपण्यात गेलं होतं.

दादा परत आला तर दारातच उभा राहिला. म्हणजे त्यालाही ऐकू आलं होतं. त्याने पुढे येऊन पाइप जोडला आणि क्लिप आवळली. आवाज बंद झाला. पण आत, स्टिअरिंगमागे बसवलेल्या दाबाच्या नव्या तबकडीवर काटा हलत होता. वर, खाली. वर, खाली.

"नवा काटा आहे," दादा म्हणाला. "बसेल हळूहळू."

आठ दिवसांनी, रविवारी दुपारी आम्ही निघालो. दादाने मोंतान्य ब्लांशचा लांबचा रस्ता धरला, तिकडे सरळ आणि मोकळा भाग मिळतो म्हणून. त्या बाजूचा ऊस अजून कापला नव्हता. दोन्हीकडून भिंती उभ्या, वर करडं आभाळ, रस्त्यावर कुणी नाही. गाडी गोड चालली होती. मला वाटलं, उगाच घाबरले.

"बघू या," म्हणत दादाने पाय दाबला.

आधी बारीक शिट्टी आली. मग काटा उचलला गेला आणि गाडीने अशी उडी घेतली की माझं डोकं मागे आपटलं. त्याच क्षणी माझा श्वास अडकला. तोंड उघडं, छाती हलते आहे, पण आत काही जात नाही, गाडीतली सगळी हवा जणू पुढे इंजिनात ओढली गेली होती. मी दादाकडे पाहिलं. त्याचे ओठ निळे पडले होते, मानेच्या शिरा ताणल्या होत्या. त्याने पाय उचलला. पुढून 'हुश्श' झालं आणि आम्हा दोघांना एकदम हवा मिळाली.

"आयो! दादा, थांबव. उतरू दे मला."

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "असंच होत होतं का गं त्याला?" तो म्हणाला. "एवढं?"

"दादा..."

"मला वाटायचं, पोर नाटक करतं. अर्ध्या वेळा मला तसंच वाटायचं."

आणि त्याने पुन्हा पाय दाबला. मुद्दाम. मी त्याच्या दंडावर मारत राहिले, ओरडायला हवाच नव्हती. काटा वर, शिट्टी कानात, ऊस हिरवी रेघ झालेला. मग 'हुश्श'.

"बस झालं, पाय काढ! दादा, पाय काढ!"

"काढलाय," तो म्हणाला.

मी खाली पाहिलं. त्याचे दोन्ही पाय मागे, सीटखाली ओढलेले होते. आणि काटा चढत होता.

मी किल्ली फिरवली. इंजिन मेलं. गाडी वेग सोडत कडेला गेली, उसाला घासत घासत थांबली. मी किल्ली काढून मुठीत धरली. चहूकडे शांत. फक्त शिट्टी चालू होती, आणि ती हळूहळू वर, आणखी वर चढत होती, आणि दादा दोन्ही हातांनी स्वतःचा गळा धरून माझ्याकडे बघत होता. मी त्याच्या बाजूचं दार उघडलं आणि त्याला ओढून गवतात पाडलं. शिट्टी थांबली. दादाने श्वास घेतला.

घर्र... घर्र...

चाळिशी ओलांडलेला माणूस, ज्याला जन्मात साधा खोकला नव्हता.

एका व्हॅनवाल्याने आम्हाला लालमतीला सोडलं. मी दादाला धरून अंगणात आणलं. आये आत होती. तिने तो आवाज ऐकला आणि भांडं टाकून धावत बाहेर आली.

"प्रेम? आलास का रे?"

दारात दादाला बघून ती थबकली. मला वाटलं, आता वळून आत जाईल. पण ती पुढे आली, खाली बसली आणि दादाच्या छातीला कान लावला. कितीतरी वेळ. चार महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. ती हसली.

दादाने माझा हात घट्ट धरला होता. पण तिला दूर कर असं तो म्हणाला नाही.

गाडी पुढे दादाच्या एका मित्राने ओढून नेली आणि क्युरपीपच्या एका माणसाला विकली. तो बायकापोरांना घेऊन फिरतो. काही तक्रार नाही, शिट्टी फार गोड आहे म्हणतो.

दादाला मी फ्लाकच्या दोक्तेरकडे नेलं. त्याने पाठीला नळी लावली, श्वास घ्या, सोडा, म्हणाला. मग म्हणाला, "आता रोखून धरा." दादाने तोंड मिटलं, नाक चिमटीत धरलं. दोक्तेरने नळी लावली ती काढीना. मग कानातली काढून माझ्या कानात घातली, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. आतली ती चालूच असलेली घरघर मलाही ऐकू येते की नाही, एवढंच त्याला पाहायचं होतं. औषध त्याने काही दिलं नाही. पुन्हा येऊ नका, असंही बोलला नाही, पण दार स्वतः उघडून दिलं.

दादाने गराज बंद केलं. आता लालमतीलाच असतो, प्रेमच्या खाटेवर. संध्याकाळ झाली की आये त्याच्या शेजारी बसते, पाठीवरून हात फिरवते, दिवसभरातलं सगळं सांगते, बाजारातलं, शेजारचं. मी गेले की दारातून बघते. दादा भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो, ओठ घट्ट मिटलेले, नाक चिमटीत, छाती दगडासारखी थांबलेली. आणि आये वाकून म्हणत असते, "हळू, प्रेम... हळू घे, बाळा. घाई नाही आता."