खपली

सातव्या प्रभागात नवे नळ पुरून झाले होते आणि चाचणीसाठी त्यांना मुद्दाम दोनशे भोकं पाडली होती. पहाटेच्या चहाचे पेले तसेच थंड होत होते. निमखेडच्या जलनियंत्रण कक्षात डॉ. शर्वाणी कुलथे पडद्यावरच्या आकड्याकडे बघत होती. गळती एकतीस टक्के.

"बीड गंजतं, सिमेंट तडकतं, प्लॅस्टिक सांध्यात सुटतं," मुख्य अभियंता सबनीस म्हणाले. "तुमचा नळ काय निराळं करणार?"

"रक्त करतं तेच. जखमेतून वाहायला लागलं की गोठायचं. हे स्वयंरोपी, म्हणजे आपली जखम आपणच भरणारं बहुलक आहे, सर. वीस मिनिटं एकसारखं पाणी वाहिलं की त्या तोंडाशी आतून खपली धरतं."

"आणि माणसाची तोटी? तिला जखम समजलं तर?"

"तोटी माणूस उघडतो, बंद करतो. भोक कधी बंद होत नाही. नळाला तेवढा फरक कळतो."

सबनीस खूश झाले. दुपारी नगरपरिषदेची सभा होती. जमलं तर सगळं गाव नव्या नळावर, नाही तर उद्यापासून उकरणं.

पाणी सोडल्यापासून विसाव्या मिनिटाला आकडा घसरू लागला. अठरा. सात. शून्य. शर्वाणीने सबनीसांचा हात धरून हलवला. शेजारी बारीक अक्षरात 'घरोघरचा वापर' दिसत होता. पण मोठा आकडा नीट वागत असला की बारीक अक्षरं कोण वाचतो?

दारात भिकाजी निमसे उभा होता. अठ्ठावीस वर्षं प्रभागाचं पाणी सोडणारा वॉलमन.

"बाई, गळती थांबली," तो म्हणाला. "पाणीबी थांबलं. साडेसहाशे घरं माझ्या नावानं शिमगा करताहेत."

शर्वाणीने बारीक अक्षरं वाचली. वापरही शून्य.

"पण लोक तोट्या बंद करत नाहीत का?"

"एक दिवसाआड पाऊण तास पाणी. त्यात बंद कोण करतंय? अन् निम्म्या घरांना तोटीच नाही. नळाचं तोंड उघडं, खाली पिंप. फुसफुस ऐकू आली की पाणी आलं म्हणायचं."

तिच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत तोट्या चकचकीत होत्या आणि त्या बंद करायला शिकलेली माणसं होती.

"खपली सुटते का?" सबनीसांनी विचारलं.

"सुटते. तोंड बंद केलं की खपलीतून झिरपणारं पाणी पलीकडे भरतं, दोन्हीकडचा दाब सारखा होतो आणि ती विरघळते. पंधरा मिनिटं. भोकाबाहेर नुसती माती, तिथं पाणी साठत नाही, म्हणून ती बुजलेलीच राहतात. फक्त सगळ्यांनी तोट्या बंद करायला हव्यात."

"पाणी नसताना?" भिकाजी हसला. "पाणी गेलं की माणूस तोटी आणखी उघडतो, बाई. बरं, बघतो."

तो सायकलवर गेला. साडेआठला बारीक अक्षरं हलली. नऊला साडेपाचशे घरांत पाणी होतं आणि गळती शून्यच होती.

"काय सांगितलंस रे?" परतल्यावर सबनीसांनी विचारलं.

"प्रत्येकाला एकच. शेजाऱ्यानं नळाच्या तोंडाला बोळा मारला, त्याला धो धो येतंय. खोटंच होतं. पण पंधरा मिनिटांत खरं झालं."

सबनीस पोट धरून हसले. मग म्हणाले, "चला, पाऊण तास कधीच उलटला. वॉल्व्ह बंद कर. परवाच्या पाळीला बघू."

"नको," शर्वाणी म्हणाली. तिला आत्ता सगळं दिसत होतं. "बंद केलात की परवा पुन्हा तोंडं उघडी, पुन्हा खपली. माणूस तोटी कधी बंद करतो? पुन्हा उघडल्यावर पाणी येईल याची खात्री असली तरच. या नळात पाळी चालणारच नाही, सर. चोवीस तास पाणी ठेवावं लागेल."

"आणायचं कुठून?"

"जमीन पीत होती ते."

सबनीसांनी पाठकोऱ्या कागदावर गुणाकार केला, पुन्हा केला, आणि "दुपारी सभेत हेच मांडतो" म्हणत टोपी उचलली.

तिघं वॉल्व्हपाशी गेले. भिकाजीने चावी लावली, पण फिरवेना.

"गावातली लग्नाची पहिली पत्रिका मला येते, बाई. देवाच्याही आधी. पाणी माझ्या हातात ना." त्याने चावी दोन्ही हातांनी धरली. "आणखी किती फेरे उघडू?"

"सगळे."

तो फिरवत राहिला. सदरा पाठीला चिकटला, आणि शेवटी चावी अडली.

"एकूण बत्तीस आहेत," तो धापा टाकत म्हणाला. "सोळाच्या पुढं सोडायचा हुकूमच नव्हता कधी."